लाल डबा आणि रोमानियाचा मधला

मी नातालीन. उत्तनला जन्मली, उत्तनलाच लग्न झालं, बोंबील सुकवण्यात जन्म गेला. शाळा दुसरीपर्यंत. सही येते, बाकी अक्षरं ओळखीची वाटतात पण बोलत न्हायत माझ्याशी. म्हणून मी सांगते नि माझी मुलगी इस्तेर लिहिते. तिला बजावलंय, मी बोलते तसंच लिही, सुधरवू नको.

आमच्या आळीत एक बाई हाय. नाव घेत न्हाय. ती हल्ली चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते. खोकला आला की पदर तोंडाला लावून बाहेर जाते, मंग आत येऊन असं दाखवते की चप्पल बघायला गेली होती. मला बघून मान फिरवते. तिला वाटतं कोणाला कळत न्हाय. मी पण चार महिने हेच केलं होतं. तिच्यासाठी सांगते हाय.

खोकला

बोंबील कसा सुकवतात ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचं नि जोडी बांबूच्या दांडीवर टाकायची. त्याचे दात बारीक, एकदा अडकला की वाऱ्याने सुटत न्हाय. दिवसाला हजार जोड्या मी सहज टाकायची. त्या वर्षी शंभर टाकल्या की खाली बसायला लागली.

मी बोलायची, वय झालं. जेवण कमी झालं तर बोलायची, दात दुखतात. संध्याकाळी अंग तापायचं तर बोलायची, ऊन लागलं. चोळी सैल झाली ती मी दोन वेळा आत घेतली, शिलाई कोणाला दिसू दिली न्हाय. खोटं बोलायला हुशारी लागत न्हाय, सवय लागते.

खरं कारण एकच. माझा नवरा इनास ह्याच खोकल्याने गेला होता, आठ वर्षांपूर्वी. त्याने इंजेक्शनं घेतली, गोळ्या घेतल्या, तीन महिन्यांत चांगला टुणटुणीत झाला नि बोट सुरू झाली तसा सगळं सोडून समुद्रावर गेला. पुढल्या वर्षी परत पडला, तो उठलाच न्हाय. मला वाटायचं, नाव घेतलं न्हाय तर तो रोग माझ्याकडे येणार न्हाय.

बांद्र्याच्या मतमाऊलीच्या सणाच्या आधी खोकल्यात रक्त आलं. मी ते राखेने झाकलं. पण इस्तेर त्या दिवशी सणाचं विचारायला घरी आली होती. ती दारात उभी होती. तिने माझी पिशवी भरली नि रिक्षा बोलावली.

आता हे सांगायला पाहिजे की इस्तेर तेव्हा माझ्याशी धड बोलत नव्हती. भांडण न्हाय, शिवीगाळ न्हाय. "जेवलीस?" "जेवली." "येते." एवढंच, आठ वर्षं. ती लग्न होऊन मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहते. जावई विलास, रत्नागिरीकडचा, हिंदू. तो माझ्याशी तिच्यापेक्षा जास्त बोलायचा.

डॉक्टर काय बोलला

भाईंदरच्या सरकारी हॉस्पिटलात छातीचा फोटो काढला, बेडका तीन वेळा डबीत दिला. डॉक्टर तरुण होता, नाकाला रुमाल लावलेला. फोटो उजेडात धरून बोलला, "आजी, टीबी आहे. फुप्फुसात पाणी पण झालंय. ॲडमिट व्हायला लागेल."

मी विचारलं, "किती दिवस जगेन?"

तो बोलला, "गोळ्या पूर्ण घेतल्या तर मला तुमची तक्रार ऐकायला लागेल अजून वीस वर्षं. अर्धवट सोडल्या तर मी काही सांगू शकत नाही."

मी इस्तेरकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती. आम्ही दोघी इनासचाच विचार करत होतो, पण एकमेकीला बोललो न्हाय.

चौदा नंबरची खाट

अकरा दिवस होती मी तिथे. पाठीत सुई घालून पाणी काढलं. दुखलं. पण ज्या बाईने तीन पोरं घरात जन्माला घातली नि त्यातली दोन पुरली, तिला सुईचं काय सांगता. मला भीती सुईची नव्हती. भीती ती, की आता माझी कपबशी वेगळी होणार, लोक माझ्या हातचे बोंबील घेणार न्हायत.

सकाळी उजाडायच्या आधी झाडूवाली यायची, खाटेवर झाडू आपटून बोलायची, "उठा, पाय वर घ्या." मंग चहा, मंग थर्मामीटर, मंग सिस्टर, मंग डॉक्टर. दुपारी पंखा बंद पडायचा. चार वाजता भेटायला सोडायचे.

बाजूच्या खाटेवर सुमनताई होती, रत्नागिरीची, भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत मुलाकडे राहायची. तोंडाला बंधन नव्हतं. तिसऱ्या दिवशी इस्तेर येऊन, डबा ठेवून, तासभर गप्प बसून गेली. ती गेल्याबरोबर सुमनताई बोलली, "काय हो, मुलगी मुकी आहे का तुमची?"

"मुकी कशाला असेल?"

"मग तुम्ही मुक्या आहात. कोणीतरी एक आहे. आमच्या गावाला मयताला सुद्धा यापेक्षा जास्त बोलतात."

मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी इस्तेर आली, डबा ठेवला, बसली. मी काय विचारू? तिच्या ऑफिसचं मला कळत न्हाय. तिला एकच गोष्ट आवडायची लहानपणापासून, नि तीच मला आवडत नव्हती. फुटबॉल.

आमच्या गावात फुटबॉल सगळेच खेळतात, पण बापाबरोबर मैदानाच्या कडेला बसून टीम लिहून घेणारी मुलगी एकच होती. इनास नि ती वर्ल्ड कप बघायला शेजारच्या टीव्हीवर जायचे. तिथे तिला एक खेळणारा आवडला, रोमानिया देशाचा. नाव माझ्या जिभेवर बसत न्हाय. इनास मासे टाकून येताना रद्दीवाल्याकडून खेळाची जुनी पुस्तकं आणायचा, ती त्यातले त्याचे फोटो, बातम्या कापून एका मोठ्या वहीत चिकटवायची. भात लावून.

मी विचारलं, "तो तुझा रोमानियावाला... अजून खेळतो काय?"

इस्तेरने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठून जाईल. मंग बोलली, "खेळतो."

"पहिल्यासारखा?"

"न्हाय. वय झालं आता त्याचं. चौतीस."

"चौतीस म्हणजे वय झालं?" सुमनताई बाजूने बोलली. "मग मी कोण, भूत?"

इस्तेर हसली. आठ वर्षांनी माझ्यासमोर हसली ती.

त्याची गोष्ट

त्यानंतर रोज चार वाजता ती त्याची गोष्ट सांगायची. थोडी तिला पाठ होती, थोडी ती मीरा रोडला सायबर कॅफेमध्ये जाऊन वाचून यायची.

त्याचा बाप कोळशाच्या खाणीत होता. घरी यायचा तेव्हा डोळेच पांढरे दिसायचे. बापाला पण खोकला. आई लोकांचे कपडे धुवायची. तिथे बर्फ पडतो, मैदान दिसत न्हाय, तर हा बर्फावर खेळायचा. अंगाने बारका. सगळी पोरं पुढे जायला धडपडायची, कारण गोल मारला की नाव होतं. ह्याला मास्तराने मधे उभा केला.

मी विचारलं, "मधला काय करतो? पुढचा मारतो, मागचा राखतो. मधल्याचं काय काम?"

"मधला मागच्याकडून घेतो, पुढच्याला देतो. सगळ्यात जास्त तोच धावतो. नि फोटो दुसऱ्याचा येतो."

सुमनताई बोलली, "म्हणजे सासू नि नवऱ्याच्या मधली सून. कळलं. पुढे सांग."

तेव्हापासून आम्ही त्याला मधलाच बोलायला लागलो. सकाळी चहा आला की सुमनताई विचारायची, "नातालीनबाय, आज मधला काय करणार?" जशी काय आमच्याच घरातला.

त्याच्या देशात पहिलं बाहेर जायला बंदी होती. मंग राज्य बदललं, तसा त्याला इटलीच्या टीमने बोलावलं. भाषा येत न्हाय, जेवण जात न्हाय. पहिल्या दिवशी मैदानावर कोणी त्याला बॉल दिला न्हाय. तर तो नुसता धावत राहिला, ज्याला गरज लागेल त्याच्या बाजूला. महिन्याभराने ते लोक बॉल द्यायच्या आधी मान वर करून त्यालाच बघायला लागले. हे ऐकून सुमनताईने टाळी वाजवली, सिस्टर ओरडली.

एक गंमत पण सांगते, लाजायचं काय त्यात. गोळ्या सुरू झाल्या नि माझी लघवी पिवळी, नारंगी झाली. मी घाबरली. इस्तेरला कानात सांगितलं. ती बोलली, "आय, ते औषधाने होतं, चांगलं हाय. रोमानियाची जर्सी पिवळीच हाय. तू त्यांच्या टीममध्ये गेलीस."

गोष्ट इटलीपर्यंत आली नि मला घरी सोडलं. "पुढे काय झालं त्याचं?" मी रिक्षात विचारलं. इस्तेर बोलली, "पुढचं नंतर." तिचा चेहरा जरा बदलला होता.

सात गोळ्या

मी इस्तेरकडे राहिली. कपबशी मी स्वतःच वेगळी ठेवली होती, तर विलासने ती उचलून सगळ्यांच्या भांड्यांत टाकली. बोलला, "आई, डॉक्टर म्हणाला कप वेगळा नको, फक्त तोंडाला रुमाल लावा. आणि एवढा चहा एकट्याने पिता, लक्ष ठेवायला नको?" मी आत जाऊन डोळे पुसले. एवढंच रडली मी त्या आजारात.

शेजारची गुजराती बेन दारात येऊन बोलली, "माँजी को क्या हुआ है?" इस्तेर बोलली, "टीबी." तोंडावर. ती बेन दोन पावलं मागे गेली. मंग चार दिवसांनी ती स्वतःच ढोकळा घेऊन आली, लांबून दिला, पण दिला.

एक दिवस सोडून एक दिवस दवाखान्यात जायचं. तिथे माझ्या नावाचा लाल डबा होता. गोळ्या देणारी ताई डबा उघडायची, सात गोळ्या हातावर ठेवायची, तिच्यासमोर गिळायच्या. तोंड उघडून दाखवायचं. गिळल्यावर पोटात ढवळायचं, डोकं फिरायचं, दुपारपर्यंत मी भिंतीला टेकून बसायची. पण दोन महिन्यांत ताप गेला, खोकला गेला, चोळीची शिलाई उसवली. बेडका साफ आला.

ताई बोलली, "आता आठवड्यातून एकदाच या. एक डोस माझ्यासमोर, बाकीच्या घरी घ्यायच्या, रिकामं पाकीट आणून दाखवायचं."

नि मी जे केलं ते त्या आळीतल्या बाईने नीट ऐकावं.

जर्सी

बोंबलाचा हंगाम सुरू झाला होता. मी बोलली, मी उत्तनला जाते, आता मी बरी हाय. इस्तेर नको बोलत होती. मी गेली. पहिला आठवडा गोळ्या घेतल्या. पण गोळी घेतली की चक्कर, नि चक्कर आली की दांडीखाली उभं राहता येत न्हाय. बाकीच्या बायका हजार जोड्या टाकतात नि मी सावलीत बसलेली. मला वाटलं, अंगात रोग न्हाय आता. थोडे दिवस गोळ्या राहू दे.

मंग मी ताईकडे जायचीच बंद झाली. इस्तेर विचारायची तर बोलायची, जाऊन आली. उत्तन लांब पडतं बोलून महिन्याची पाकिटं मी ताईकडून आधीच मागून आणली होती, त्यातल्या गोळ्या काढून वाळूत पुरायची नि रिकामं पाकीट इस्तेरला दाखवायची. तीन आठवडे.

एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ती घरी आली. जेवलो. मी मोरीतून बाहेर आली, ती माझ्या मागोमाग आत गेली. मोरीतली बादली रिकामी होती त्या दिवशी, लघवीवर पाणी टाकायला मी विसरली होती. बाहेर आली ती पांढरी पडून.

"आय, गोळ्या घेतेस ना?"

"घेते की. पाकीट दाखवलं ना तुला."

"जर्सी कुठे गेली मंग?"

मला पहिलं कळलंच न्हाय. मंग कळलं. पाकीट खोटं बोलतं, लघवी खोटं बोलत न्हाय.

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली न्हाय. माझा हात धरून मला बाहेर दांड्यांजवळ नेलं, टोपलीतले बोंबील घेतले नि जोड्या टाकायला लागली. चर्चला घातलेल्या चांगल्या कपड्यांत. मी पण टाकायला लागली. मंग ती बोलली, "पुढचं विचारत होतीस ना त्याचं? ऐक."

इटलीत दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा फाटला. ऑपरेशन केलं. डॉक्टर बोलला, नऊ महिने. पाचव्या महिन्यात दुखायचं बंद झालं. त्याला वाटलं, टीम दुसऱ्याला घेईल, माझी जागा जाईल. डॉक्टरला खोटं सांगितलं, एकदम बरं वाटतं. खेळायला उतरला.

"मंग?"

"तिसऱ्या मॅचला तोच गुडघा. कोणी धक्का पण दिला न्हाय. एकटाच धावता धावता पडला. दोन वर्षं गेली त्याची. इटलीवाल्यांनी काढून टाकला." तिने एक जोडी दांडीवर टाकली. "पण तो परत आला. गावाला गेला, छोट्या टीममध्ये पहिल्यापासून सुरुवात केली. नऊ महिने सांगितले तर ह्या वेळी दहा महिने थांबला."

मी टोपलीतून पुढची जोडी उचलली.

ती बोलली, "पप्पांना दुसरी संधी मिळाली न्हाय, आय. मी तेव्हा बारकी नव्हती. मला माहीत होतं ते गोळ्या सोडून बोटीवर गेले. तुला पण माहीत होतं. आपण दोघी गप्प बसलो."

तिच्या हातात बोंबील तसाच राहिला. माझ्या पण.

मी टोपली झाकली. घरात जाऊन पिशवी भरली. ह्या वेळी मीच रिक्षा बोलावली.

तीन दिवस

डॉक्टर रागावला. बोलला, परत बेडका तपासायचा. जंतू परत आले असतील तर पहिल्यापासून, नि ह्या वेळी इंजेक्शनं पण. ते तीन दिवस माझ्या सगळ्या आजारातले वाईट दिवस. पहिल्या वेळेला रोग माझ्याकडे आला होता. ह्या वेळेला मी त्याला बोलावला होता. इस्तेर ऑफिसला जाताना माझ्याकडे बघायची पण न्हाय, नि दर तासाला फोन करून घरी रजेवर असलेल्या विलासला विचारायची, आय काय करते.

तिसऱ्या दिवशी ताईने कागद बघितला. मी तिच्या तोंडाकडे बघत होती. ती बोलली, "साफ आहे."

"परत सांग."

"साफ आहे, आजी. नशीब चांगलं आहे तुमचं. चुकलेल्या सगळ्या भरून काढायच्या, आणि आता एक पण घरी नाही. सगळ्या माझ्यासमोर."

मला हसायला आलं. पाय इतके हलके झाले की मी रिक्षा न करता पूनम सागरपर्यंत चालत गेली. रस्त्यात केळी घेतली. एक चालता चालता खाल्लं, लहान पोरीसारखं.

डबा रिकामा

शेवटच्या गोळ्या लेंटच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत संपल्या. ताईने डबा उलटा करून दाखवला, काय न्हाय आत. मी मागून घेतला तो. आता त्यात सुईदोरा ठेवते.

त्याच आठवड्यात इस्तेर सायबरमधून कागद काढून आली. मधल्याने खेळणं सोडलं होतं. शेवटची मॅच त्याच्या गावच्या मैदानावर खेळला. खाणीतले म्हातारे बघायला आले होते. गोल केला न्हाय. नव्वद मिनिटं मात्र पूर्ण खेळला.

मी विचारलं, "जिंकले?"

"बरोबरी."

"बरं झालं. पाय ठीक हाय ना त्याचा?"

"ठीक हाय."

मी सुमनताईला फोन लावायला सांगितला. ती पण घरी गेली होती, बरी होती. बोलली, "संपवलं ना पूर्ण? बास. आता त्याला म्हणावं घरी बस, आईला मदत कर."

राहिलेलं

एक गोष्ट राहिली. ती इस्तेरला समोर बसवून सांगते, तीच लिहिते हाय, म्हणजे तिला लिहावी लागेल.

इनास गेल्यानंतर एका बाजाराच्या दिवशी सुकं बांधायला पेपर नव्हता. मी इस्तेरची ती मोठी वही काढली, मधल्याचे फोटो चिकटवलेली, नि पानं फाडून त्यात बोंबील, जवळा बांधून विकला. संध्याकाळी ती कामावरून आली, वही बघितली. मी बोलली, मला काय कळतं, मला सगळी छापील पानं सारखी. तेव्हापासून तिचं बोलणं गेलं.

खोटं होतं ते. मला माहीत होतं ती कुठली वही. माझ्या डोक्यात होतं, बाप नि लेक फुटबॉलच्या गप्पा मारत बसायचे नि औषधाची आठवण कोणी करून दिली न्हाय. मीही न्हाय. तो राग मी त्या वहीवर काढला.

हे बोलली नि इस्तेरचं पेन थांबलं. मी बोलली, "लिही."

ती बोलली, "मला माहीत होतं, आय."

"कसं?"

तिने समोरची वही मिटली नि पहिल्या पानावर उघडून माझ्यापुढे ठेवली. मला अक्षर वाचता येत न्हाय, पण इनासचं अक्षर मी ओळखते. तिरकं, जाड. त्याने तिचं नाव लिहून दिलं होतं तिथे. पुढे मधली सगळी पानं फाटलेली, नुसत्या कडा. नि त्याच्या मागे कोरी पानं, ज्याच्यावर ती गेले चार दिवस माझं हे सगळं लिहीत होती. मी बघितलंच नव्हतं ती कुठली वही घेऊन बसते.

इस्तेर बोलली, "पेपर पाहिजे असता तर तू पहिल्या पानापासून फाडलं असतंस. पप्पांच्या अक्षराचं हे एक तू ठेवलंस."

मी ते पान हाताने पुसलं. धूळ नव्हती, तरी पुसलं.

मंग मी विचारलं, "कोरी किती राहिलीत?"

"बरीच."

"मंग उद्या रविवार हाय. शेवटच्या बाकावर जाऊन बस तिच्या बाजूला. तिला बोल, माझ्या आयने तुझ्यासाठी काय सांगितलंय. नि ही वही घेऊन जा. पण नुसती वाचून दाखव हां, तिला देऊ नको. सुकं ती पण विकते."